हिरड्याचे बांध, देवाच्या राया

नारायणगावापासून जुन्नरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही हातांना ऊस, द्राक्षबागा आणि टोमॅटोचे मांडव. जुन्नर ओलांडून आपटाळ्याच्या रस्त्याला लागलं की हे सगळं मागे पडत जातं. विहिरी विरळ होतात, वावरं लहान होत होत भाताच्या खाचरांवर येतात आणि समोर सह्याद्रीची मुख्य रांग आडवी उभी राहते. याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, आणे पठारावर, वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. पश्चिमेच्या कोकणकड्यावर त्याच्या चार-पाच पट कोसळतो. मधलं अंतर साठ-सत्तर किलोमीटरचं. शेजारचा आंबेगाव तालुका याच साच्यातला: पूर्वेला मंचरची बाजारपेठ, पश्चिमेला आहुपे आणि भीमाशंकरचं रान. कुकडी, मीना आणि घोड या तिन्ही नद्या या कड्याच्या अंगणातच उगम पावतात, पूर्वेकडे वळतात आणि शेवटी भीमेला मिळतात.

या दोन तालुक्यांतली जुनी, थोराड झाडं पाहायची म्हणून मी निघालो होतो, आणि मुद्दाम एप्रिलअखेर निवडली होती. पावसाळ्यात इकडे गाड्यांची रीघ लागते. पण तेव्हा झाड दिसत नाही, धुकं दिसतं. शिवाय धबधब्याखाली भिजायला आलेल्या माणसाला झाडाकडे बघायला सवडही नसते. चैत्र-वैशाखात डोंगर भाजून निघालेला असतो. अशा वेळी हिरवं काय उरलं आहे आणि कुठे, हे लांबूनच कळतं.

हिरवं दोन ठिकाणी उरलेलं असतं. एक शेताच्या बांधावर, दुसरं देवाच्या राईत.

इंगळूणच्या पुढे घराघरांपुढे, सारवलेल्या अंगणात, पत्र्यांवर, इतकंच काय डांबरी रस्त्याच्या कडेलाही काहीतरी वाळत घातलेलं दिसू लागलं. बोटाच्या पेरापेक्षा लहान, हिरवट-काळी फळं. हा बाळहिरडा. हिरड्याच्या फळातली आठळी टणक होण्याआधीच ते झाडावरून उतरवायचं, उन्हात वाळवायचं, काळं कुळकुळीत झालं की पोत्यात भरायचं. आयुर्वेदाच्या औषधांना, त्रिफळ्याला, कातडी कमावायला आणि रंगाला हिरडा लागतो. पक्क्या फळापेक्षा बाळहिरड्याला दर चांगला मिळतो. जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हातात वर्षातून एकदा जी काही रोकड येते, ती याच पंधरा-वीस दिवसांत. खरेदी आदिवासी विकास महामंडळ करतं, व्यापारीही करतात. दर मात्र दरवर्षी वेगळा, आणि तो ठरतो कुठे हे झाडावर चढणाऱ्याला कोणी सांगत नाही.

एका बांधावरच्या हिरड्याच्या शेंड्यात एक म्हातारबाबा चढलेले होते. खाली त्यांची सून आणि दोन नातवंडं फळं वेचत होती. फांदी हलली की खाली हिरड्यांचा सडा. ना दोर, ना पट्टा. उतरल्यावर बाबांनी कमरेची चंची सोडली आणि निवांत बसले.

"बाबा, हे झाड किती जुनं असंल?"

"माझ्या आज्यानंबी आसंच बघितलं म्हणं. लावलं कुनी ते ठावं न्हाई."

या एका झाडात तीन भावांचा वाटा होता. जमिनीच्या वाटण्या झाल्या, झाडाच्या झाल्या नाहीत, दर वर्षी एकाची पाळी. दरवर्षी कोणी ना कोणी हिरड्यावरून पडतो, हेही त्यांनी पाऊसपाण्याच्या सुरात सांगितलं. बुंध्याला आम्ही दोघांनी कव घातली तरी बोटं जुळली नाहीत.

हिरड्याची थोरवी अशी उंचीत नाही, घेरात आहे आणि टिकून राहण्यात आहे. आजूबाजूच्या बांधांवरची बाकीची झाडं पाहिली की हे पटतं. आईन, भोमा, गेळा यांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. या छाटलेल्या पानोळ्याला कवळ म्हणतात. कवळ, शेण, पालापाचोळा आणि वर मातीचा थर असा राब रचून उन्हाळ्यात जाळायचा आणि त्या भाजलेल्या जागेवर, म्हणजे दाढीवर, भाताचं रोप टाकायचं, ही इथली जुनी पद्धत. तण मरतं, राखेचं खत मिळतं. पण ज्या झाडाचं कवळ दरसाल निघतं ते वर्षानुवर्षं खराट्यासारखं उभं राहतं. हिरड्याला मात्र कोणी कोयता लावत नाही, कारण तो रोकड देतो. कायद्यानेही तो जपलेला आहे: १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, जांभूळ, चिंच यांच्या जोडीला हिरडा आहे, आणि मालकीच्या जागेतलाही तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. तरी कायद्याने वाचवला असं म्हणवत नाही. बाबांना अनुसूची माहीत नव्हती, पाळी माहीत होती.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि या डोंगरांवरून पुढे गेलं. हिरड्याची फळं गेली, जुनी झाडंही मोडली. भात, भाजीपाला यांच्या नुकसानीचे पंचनामे कसे करायचे हे सरकारी कागदाला ठाऊक असतं. बांधावरच्या हिरड्याचं काय, हा प्रश्न मात्र अडकला. भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना पुढे कितीतरी दिवस मोर्चे काढावे लागले. झाड पीक आहे की जंगल, हे ठरवता न आल्याचा हा परिणाम.

याच तालुक्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने झाडांसाठी सरकारशी पत्रव्यवहार केला होता, हे मला जुन्नरमध्ये फारसं कोणाकडून ऐकायला मिळालं नाही. अलेक्झांडर गिब्सन हा ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर. १८३८पासून पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी वनस्पती बाग त्याच्याकडे होती, आणि तिचीच एक शाखा जुन्नर भागात हिवऱ्याला होती. तिथे औषधी वनस्पती वाढवून कंपनीच्या दवाखान्यांना पुरवत. घाटमाथ्याची आणि कोकणाची झाडी तुटत चालली तसे झरे आटत चालले आहेत, असं गिब्सनने १८४०च्या दशकात सरकारला लिहून कळवलं. १८४७मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. दापोडीच्या बागेतल्या झाडांची चित्रं त्याने एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढून घेतली होती. ती आज एडिंबराच्या बागेत जपलेली आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२मध्ये त्यांवर पुस्तक केलं. चित्रकाराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही. गिब्सनच्या हेतूबद्दल भोळं राहायचं कारण नाही, कंपनीला जहाजांसाठी साग हवाच होता. पण डोंगरावरची झाडी आणि ओढ्यातलं पाणी यांचा संबंध ज्यांनी सरकारी कागदावर सर्वांत आधी मांडला, त्यांच्यातला एक जण जुन्नरच्या शिवारात वावरत होता, एवढं खरं.

हातविजेच्या पुढे दुर्गवाडी. गाडीरस्ता इथे संपल्यातच जमा. पुढे दुर्गादेवीचं देऊळ आणि त्याच्याभोवती राई. किल्ला म्हणून ज्याला दुर्ग म्हणतात तो खडकाळ माथा राईच्या पलीकडे, अगदी कड्याच्या काठावर. तटबुरूज शोधायला येणाऱ्याची इथे निराशा होते. उत्तरेकडे ढाकोबाचा डोंगर, खाली आंबोलीहून उतरणाऱ्या दऱ्या घाटाची चीर, आणि समोर सरळ तुटलेला कडा, ज्याच्या तळाशी मुरबाडचं कोकण पसरलेलं.

उन्हातून राईत शिरताना फरक कातडीला आधी कळतो. चार पावलांत उकाडा सरतो. पायांखाली पानांचा थर, त्याखाली ओल. एप्रिलात, जेव्हा बाहेरच्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, तेव्हा ही ओल हीच मोठी बातमी. अंजनीला निळाजांभळा फुलोरा आला होता, खोडालगत, फांद्यांच्या पेरांवर. जांभूळ, पिसा, पारजांभूळ, आंबा, हिरडा. घेर पाहून छाती दडपावी असे बुंधे, पण मान वर केली तर शेंडा फार लांब नाही. कॅलिफोर्नियातला सर्वांत उंच रेडवुड सुमारे ११६ मीटरचा आहे. आपल्या या कड्यावरच्या रानाचं छत मात्र दहा-पंधरा मीटरवरच थांबतं.

असं का, याची उत्तरं इथेच उभ्या उभ्या दिसतात. कड्यावरून वर चढणारा पावसाळी वारा शेंडे खुडतो. बेसाल्टवर मातीचा थर पातळ. आणि पाऊस कितीही पडो, तो चार महिन्यांत पडून जातो. उरलेले सात-आठ महिने झाडाने खडकातल्या फटींत साठलेल्या पाण्यावर आणि पहाटेच्या धुक्यावर काढायचे. केरळ-कर्नाटकातल्या सदाहरित जंगलांना पाऊस वर्षात अधिक काळ पुरतो, म्हणून तिथे झाडं चाळीस मीटरवर जातात. उत्तरेकडे सरकताना कोरडा काळ लांबत जातो आणि एकेक जात गळत जाते. महाबळेश्वर, भीमाशंकर आणि हा कडा इथे उरते ती अंजन, जांभूळ आणि पिसा यांची जमात. वनस्पतिशास्त्रज्ञ या तिघांच्या नावानेच हा जंगलप्रकार ओळखतात. वाढ सावकाश, लाकूड चिवट. म्हणून इथे मांडीएवढ्या जाडीचं अंजनही पोरसवदा समजू नये.

दुर्गादेवीच्या राईतल्या एका आंब्याकडे बोट दाखवून सोबतच्या तरुणाने, "हे पाचशे वर्षांचं आहे," असं सांगितलं. दुसऱ्या गावात असंच झाड सातशेचं होतं. शिवरायांच्या आधीचं म्हटलं की आकडा निदान चारशेच्या पुढे न्यावाच लागतो! माझा अशा आकड्यांवर विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. झाडाचं वय वलयांवरून मोजतात. वलयं स्पष्ट पडतात ती दरवर्षी वाढ थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या झाडांत. आपल्याकडे सागात ती चांगली दिसतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी सागाच्या वलयांवरून मागच्या काही शतकांतल्या मॉन्सूनचा माग काढला आहे. आंबा, जांभूळ, अंजन यांच्या बाबतीत ही वही नीट वाचता येत नाही. शिवाय खरोखर जुन्या झाडाचा गाभा बहुधा पोकळ झालेला असतो, म्हणजे सर्वांत जुनी पानं आधीच वाळवीने खाल्लेली. आफ्रिकेतल्या गोरखचिंचांची वयं शोधायला शास्त्रज्ञांना रेडिओकार्बनचा आधार घ्यावा लागला तो याचसाठी. तेव्हा वय सांगण्यापेक्षा घेर मोजावा: छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, फीत गुंडाळायची, आकडा आणि तारीख लिहून ठेवायची. दहा वर्षांनी कोणीतरी पुन्हा मोजलं तर काही कळेल. गावच्या शाळेतल्या पोरांनी करावं असं हे काम आहे.

वयाचा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. राज्याने २०२१मध्ये वृक्ष कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, पण तो कायदा शहरी भागाचा. पुण्यातल्या रस्त्यावरचा साठ वर्षांचा गुलमोहर वारसा ठरू शकतो. दुर्गवाडीचा आंबा नाही. त्याचा वारसा देवीने सांभाळायचा.

जुन्नरहून आंबेगावच्या पश्चिम भागात जायला डोंगर ओलांडणाऱ्या वाटा आहेत, वरसुबाईच्या रांगेतून पायी जाणारे जातातही. मी गाडीरस्त्याने नारायणगाव, मंचर, घोडेगाव असा वळसा घेतला. घोडेगाव हे तालुक्याचं ठिकाण. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलेलं आहे. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाचे लाल-तपकिरी पट्टे उघडे पडतात. धरणाच्या पाण्यावर पूर्वेची बागायत पिकते आणि काठावरच्या वाड्या डोक्यावर हंडे वाहतात. ही तक्रार इथे इतकी जुनी आहे की ती सांगताना कोणाचा आवाजही चढत नाही.

धरणाच्या काठाकाठाने फुलवडे, अडिवरे करत रस्ता वर जातो. वाटेत माळीण लागतं. ३० जुलै २०१४ला सकाळी डोंगराचा एक भाग गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. कारणांवर पुष्कळ चर्चा झाली: सलग पडलेला पाऊस, खाली सरकू पाहणारी भिजलेली माती, यंत्रांनी केलेलं उताराचं सपाटीकरण, मुळांनी माती धरून ठेवणारी झाडी विरळ होणं. एकाच कारणावर बोट ठेवणं सोपं असतं, म्हणून मी ते ठेवत नाही. पण त्या उतारावरून पुढे आहुप्याच्या राईत गेलं की मुळं काय काम करतात याकडे डोळे आपोआप जातात.

याच भागात पडकई हा प्रकार आहे. उतारावर दगडाचे बांध रचून, माती ओढून, एकमेकांच्या अंगमेहनतीने भाताची खाचरं तयार करायची. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेने इथल्या आदिवासींबरोबर या कामाला बळ दिलं, आणि २०१२मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हाताने रचलेली पडकई आणि यंत्राने कापलेला डोंगर यांत फरक काय, हे इथला कोणताही शेतकरी बांधावर उभं राहून दाखवतो: हाताचा बांध झाडाला वळसा घालून जातो.

आहुपे हे शेवटचं गाव. त्यापुढे जमीनच नाही. गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके पायांखाली दिसतात. गावाला लागून देवराई आहे आणि या भागातलं पाहावं असं रान कोणतं असेल तर ते हे. १९८५मध्ये घोषित झालेल्या, सुमारे १३१ चौरस किलोमीटरच्या भीमाशंकर अभयारण्यात आहुप्याचं रान येतं. पण अभयारण्याची पाटी लागण्याच्या कितीतरी आधीपासून या राईला हद्द होती. ती कुठे सुरू होते हे सांगायला पाटीची गरज पडत नाही. खराटा झालेली झाडं संपतात आणि न तुटलेली सुरू होतात, तीच रेघ.

आत गेल्यावर पहिली नजर झाडावर जात नाही, वेलावर जाते. गारंबी. तिला वेल म्हणताना जीभ अडखळते. जमिनीवरून मांडीच्या जाडीचा, पीळ पडलेला, साल सुटलेला दोर उठतो, एका झाडाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या कमरेशी येतो, जमिनीला टेकतो, पुन्हा वर जातो. मूळ कुठलं आणि शेंडा कुठला याचा माग काढत मी बराच वेळ फिरलो आणि सोडून दिलं. शेंगा हातभर, काही तर एका मीटरहून लांब, गाठीगाठीच्या. प्रत्येक गाठीत एक चपटं, तपकिरी, गुळगुळीत बी. बीचं कवच इतकं घट्ट की पाण्यात ते महिनोन्‌महिने तरंगतं. गारंबीच्या कुळातल्या बिया समुद्रावरून परक्या किनाऱ्यांना लागतात. आहुप्याची गारंबी पाणलोटाच्या दुभाजकावर उभी आहे. शेंग पश्चिमेला कड्यावरून पडली तर उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्राची वाट मोकळी. पूर्वेला घोडेच्या ओढ्यात पडली तर बंगालच्या उपसागराचा प्रवास डिंभ्याच्या भिंतीशीच संपतो.

असा वेल वाढायला दोन गोष्टी लागतात: त्याला पेलणारी थोराड झाडं, आणि कित्येक पिढ्या कोणीही कोयता न चालवणं. म्हणून रान किती जुनं असं विचारलं तर मी आधी वेल पाहीन. झाड एकटंही जगतं, शेतात, रस्त्यावर. गारंबी एकटी जगत नाही.

वर फांद्यांत शेकरूची घरटी दिसली, काटक्यापानांचे मोठाले गोळे, दोन झाडांचे शेंडे जिथे भिडतात तिथे. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतं आणि शक्यतो जमिनीवर उतरत नाही. छत तुटलं की त्याचा रस्ताच तुटतो. राज्यप्राणी म्हणून पोस्टरवर त्याचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात आधी ऐकू येतो तो त्याचा ठसकेबाज ओरडा. बिबट्या इथे आहे, पण जुन्नर-आंबेगावचा प्रसिद्ध बिबट्या आता रानात कमी आणि पूर्वेच्या उसात जास्त. तिकडे पकडलेल्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र करावं लागलं. इकडे महादेव कोळ्यांची वाघबारस अजून होते: दिवाळीच्या तोंडावर, बारशीला, रानाच्या कडेच्या वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावून गुराख्यांसह नैवेद्य. ज्याची भीती त्याचाच सण. या व्यवहारात मला शहाणपण दिसतं.

आहुप्यातल्या ज्या आजींच्या घरी भाकरी खाल्ली, त्यांनी राईचे नियम एका दमात सांगितले. ओलं तोडायचं नाही, वाळलेलं घरी न्यायचं नाही, पडलेलं झाड तिथेच कुजू द्यायचं, देवाच्या कामाला लागलं तर गावाने बसून ठरवायचं. "आन् कुनी नेलंच तर?" मी विचारलं. "नेलं तं नेलं. मंग घरात काय झालं की त्यालाच आठवतं." शिक्षा कोणी द्यायची हा प्रश्नच नाही.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून नोंदवायला सुरुवात केली. १९७६मध्ये त्यांचा या विषयावरचा शोधनिबंध आला आणि पुढे महाराष्ट्रातल्या रायांची यादीही झाली. तोवर देवराई म्हणजे अंधश्रद्धेचा विषय किंवा सहलीचा. त्यांनी ती वनस्पतींचा साठा आणि पाण्याचा उगम म्हणून पाहायला लावली. आज उलट टोक आलं आहे. देवराई हा शब्द हॉटेलच्या पाट्यांवर, रोपवाटिकांच्या नावांत, गृहसंकुलांच्या जाहिरातींत. जुन्नर तालुक्याला २०१८मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, त्यानंतर इकडची वाहतूकही वाढली.

मला धोका पर्यटकापेक्षा सिमेंटचा वाटतो. बाहेर कुठल्याही राईत जा: उघड्यावरच्या तांदळ्याला, म्हणजे देव मानलेल्या अनघड दगडाला, आधी चार भिंती, मग सभामंडप, मग फरशी, मग गाड्या फिरायला मोकळी जागा. निधी येतो तो बांधकामाला, झाड न तोडण्यासाठी निधी नसतो. काही जुन्या देवांना छप्पर चालत नाही अशी समजूत या डोंगरांत होती, ती पुसली जाते आहे. एक मोठं झाड राखून त्याला पार बांधला की गावाला राई राखल्यासारखं वाटतं. पाराभोवती झाडलोट होते, पाचोळा जाळतात आणि खालचं रोप एकही जगत नाही. तिथे शंभर वर्षांनी मोठं झाड कुठून येणार?

म्हणून आहुप्याच्या राईत मी दुसऱ्या दिवशी मान खाली घालून हिंडलो. जांभळाची वीतभर रोपं, अंजनीची कमरेएवढी, हिरड्याची थोडी, आंब्याची बाठ फुटून नुकती तांबूस पानं आलेली. एक म्हातारं झाड पडलं होतं. त्याच्या जागेवर छताला भोक पडून ऊन खाली येत होतं आणि त्या उन्हाच्या तुकड्यात चांदाडा सरसर वाढला होता. तो आधी येतो, सावली करतो, मग त्याच्या सावलीत अंजन येतं. पडलेल्या खोडावर बुरशीचे थर होते. पावसाळ्याच्या काळोख्या रात्री याच रानातल्या कुजक्या फांद्यांवरची एक बुरशी हिरवट उजेड देते, आणि ती पाहायला आता मुद्दाम लोक येतात. वाळलेलं घरी न नेण्याच्या नियमाशिवाय ती बुरशी टिकली नसती. राईच्या एका कडेला मात्र गुरांची वाट पडली होती आणि त्या पट्ट्यात गुडघ्याच्या वर एकही रोप नव्हतं. तिथली मोठी झाडं आजही तितकीच भव्य दिसतात.

जाणाऱ्यांसाठी थोडं. घोडेगावहून आहुप्याला एसटी जाते. वेळ स्थानकावर आदल्या दिवशी विचारून घ्यावी, परतीची तर नक्कीच. स्वतःच्या गाडीने डिंभ्यापासून घाटरस्ता आहे, पावसाळ्यात दरडींचा भरवसा नाही. दुर्गवाडीसाठी जुन्नर, आपटाळे, इंगळूण, हातवीज. दोन्हीकडे जेवणाची सोय घरांतून होते, आधी कळवलं तर नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण मिळतं. चहाच्या टपरीवर विसंबू नये. राईत शिरण्याआधी गावात एका जाणत्या माणसाला विचारावं, चपला कुठवर चालतात तेही. ड्रोन आणि स्पीकर घरी ठेवावेत, फीत मात्र खिशात असू द्यावी. बाळहिरड्याच्या दिवसांत गेलात तर रस्त्यावर वाळत घातलेल्या फळांवरून गाडी घालू नका. पाय धड असतील आणि सोबत वाटाड्या असेल, तर परत मंचरला न येता आहुपे घाटाने कड्यावरून सरळ खोपिवलीत उतरावं. तिथून मुरबाडची गाडी मिळते.